रड्याचं दुखणं

माझी पोरगी टॉवर क्रेन चालवते. हे सांगितलं की माणसं आधी माझ्याकडे बघतात, मग आभाळाकडे बघतात, मग परत माझ्याकडे. जसं काही मीच तिला उचलून वर ठेवून आलोय. नाही हो. ती स्वतःच्या पायांनी चढली, परीक्षा देऊन, लायसन काढून. मी खाली असतो. माल बांधायचा, हुकात अडकवायचा आणि वॉकीटॉकीवर सांगायचं, उचल, थांब, डावीकडे घे, हळू. साइटवर मला सिग्नलवाला म्हणतात. वरून तिला हुकाखालचं सगळं दिसत नाही, ते मी बघायचं. वॉकीवर बाबा म्हणायचं नाही हा तिचाच नियम. वॉकीवर ती 'वरून' आणि मी 'खालून'.

"खालून, सळ्या नीट बांधल्यात का?"

"बांधल्यात गं."

"वॉकीवर गं नाही."

असं आमचं दिवसभर.

वर बसलेली बघून मला भीती नाही वाटत. वाऱ्याचं म्हणाल तर क्रेनलाच वारा कळतो, काटा असतो, मर्यादेपलीकडे गेला की काम बंद. मला भीती एकाच गोष्टीची, विजेची. आम्ही बांधत होतो ते हॉस्पिटल, आणि त्या सगळ्या भागात आमच्या क्रेनपेक्षा उंच काही म्हणजे काही नव्हतं. पाण्याची टाकीसुद्धा तिच्या कमरेला लागायची. वीज काय, उंच बघूनच पडते. आणि शिडी उतरायला वेळ लागतो. अख्खी शिडी लोखंडाची. वीज दिसल्यावर उतरायला घेतलं तर नेमकी ती शिडीवर असताना वरून वीज यायची. म्हणजे दिसायच्या आधी कळलं पाहिजे. आधी.

म्हणून तर ती पेटी आणली होती.

आणली आमच्या साडूने. माझी बायको आणि त्याची बायको सख्ख्या बहिणी. तो साइटचा सेफ्टीवाला. हेल्मेट घालूनच जेवतो. एकदा आमच्या घरी जेवायला आला तर भिंतीवरचं घड्याळ बघून म्हणाला, हे खिळ्यातून सुटलं तर कोणाच्या डोक्यात पडेल? जागा बदलून बसला. असा माणूस. पण त्याने साहेबांच्या मागे लागून लागून ती पेटी घ्यायला लावली, आणि ती माझ्या पोरीसाठी लावली, हे मी विसरत नाही.

पेटी केवढी, तर जेवणाच्या डब्याएवढी. पांढरी. लांब कुठेतरी वीज पडली की हवेत तिची खरखर सुटते म्हणे, ती आपल्या कानाला नाही, पण या पेटीला ऐकू येते. डोंगरापलीकडची सुद्धा. पेटीची वायर ऑफिसातल्या कॉम्प्युटरला जोडलेली. वीज किती लांब आहे ते स्क्रीनवर दिसायचं, आणि जवळ आली की ऑफिसच्या पत्र्यावरचा भोंगा वाजायचा. भोंगा वाजला की सगळ्यांनी काम सोडायचं आणि शेडमध्ये यायचं. मुकाट. वाद नाही.

ऑफिस म्हणजे मोठा पत्र्याचा डबाच. आत एक टेबल, एक कॉम्प्युटर, आणि त्याच्यापुढे बिलबाई. किती सिमेंट आलं, किती खडी आली, कोणाचं बिल कधी गेलं, सगळं त्यांच्याकडे. जाड चष्मा, आवाज बारीक, पण ट्रकवाले त्यांना टरकून असायचे. पेटी त्यांच्याच शेजारी खिडकीत ठेवली होती, कारण वायर तेवढीच लांब होती.

पहिले काही दिवस पेटी गुणी पोरासारखी बसली. मग आभाळ भरून यायला लागलं, आणि तिला काय झालं कोण जाणे. जरा ढग आला की भोंगा. सगळे खाली. माझी पोरगी ती सगळी शिडी उतरून घामाघूम होऊन शेडमध्ये. बसा. अर्धा तास गेला, वीज नाही, गडगडाट नाही, पाण्याचा थेंब नाही. भोंगा आपोआप बंद. चढा परत. दुपारी पुन्हा ढग, पुन्हा भोंगा, पुन्हा तेच. ढग नसले की पेटी एकदम शहाणी.

माणसांनी तिचं नाव ठेवलं रड्या.

"रड्याला ढगाची भीती वाटते रे."

"त्याला आईजवळ झोपवा."

स्लॅबखाली फळ्या-टेकू लावणाऱ्या सेंटरिंगवाल्यांनी तर भोंगा वाजला की लहान पोरासारखं गळा काढून रडायची पद्धतच पाडली. साडू लालबुंद व्हायचा. "हसा, हसा! जळून कोळसा झालात की हसा!" त्यावर आणखी हसायचे.

साहेबांना हसू येत नव्हतं. साहेब म्हणजे आमचे इंजिनिअर, माणूस वाईट नाही, पण कामाचा ताण होता त्यांच्यावर. वरच्या मजल्याचा स्लॅब तोंडावर आलेला. त्यांनी साडूला बोलावून सांगितलं, "हे बघा, पेटी मला पण पाहिजे. पण खरं बोलणारी पाहिजे. स्लॅबच्या आधी दुरुस्त करा, नाहीतर तिला कपाटात ठेवा. आभाळाकडे बघून काम करू, पूर्वी करायचे तसं."

आता पेटी कपाटात गेली तर पोरीला आधी सांगणार कोण? पण खरी पंचाईत झाली ती दोन दिवसांनी.

भोंगा वाजला. सगळे खाली आले, हसत, आरामात. मी क्रेनच्या पायथ्याशी उभा. वरून पाय दिसेनात.

"वरून, भोंगा वाजलाय."

"ऐकला."

"मग उतर."

"खालून, मला इथून चारी बाजू दिसतात. वीज कुठंच नाही. नुसता ढग आहे."

"अगं नियम आहे."

"सकाळी उतरले, काल उतरले, परवा उतरले. माझे गुडघे काय भाड्याचे आहेत? मी बसते इथेच. खोटाच आहे तो."

आणि ती खरंच उतरली नाही. अर्ध्या तासाने भोंगा बंद झाला, खोटाच निघाला, आणि ती वरून म्हणाली, "बघा. म्हटलं नव्हतं?" सेंटरिंगवाल्यांनी टाळ्या वाजवल्या. मी मात्र टाळी वाजवली नाही. कारण आज ती बरोबर निघाली होती. आणि एकदा बरोबर निघालेलं माणूस दुसऱ्यांदा ऐकत नाही. पेटी कपाटात गेली काय आणि खिडकीत राहिली काय, पोरीच्या लेखी ती मेलीच होती. आता उद्या खरी वीज आली आणि भोंगा बोंबलला तरी ती वर बसून म्हणणार, खोटाच आहे.

घरी मी तिला समजवायला गेलो. ती जेवत होती. म्हणाली, "बाबा, तुम्ही शिडी चढून उतरून दाखवा एकदा, मग बोला."

बायको भाकरी थापता थापता एवढंच म्हणाली, "साडू तुमचा, पेटी तुमच्या साडूची, पोर माझी. उद्या कामावर गेल्यावर एवढं लक्षात ठेवा म्हणजे झालं."

दुसऱ्या दिवसापासून मी साडूच्या मागे हात धुऊन लागलो.

पेटीच्या कंपनीचा मेकॅनिक येऊन गेला होता. दोनदा. भला माणूस. पण तो यायचा लांबून, फोन केल्यावर त्याला सवड मिळेपर्यंत दिवस जायचे, आणि तो येईल त्या दिवशी हटकून कडक ऊन. कॉम्प्युटर चालू, पेटी चालू, पेटीवरचा हिरवा दिवा शांत. त्याने वायर बदलली, पेटी बदलली, सगळं तपासलं. काही नाही. नव्या पेटीने पण ढग आला की तेच रडगाणं लावलं. म्हणजे दुखणं पेटीत नव्हतं.

आम्ही आमच्या परीने अक्कल चालवली. साडू म्हणाला वेल्डिंग मशीन असेल, ठिणग्या उडतात. ढगाळ दिवशी वेल्डिंग बंद ठेवलं. रडला. म्हणाला लिफ्टची मोटर. ती बंद. रडला. मग त्याचं बोट गेलं क्रेनकडे. मी म्हटलं, "शहाण्या, भोंगा वाजला की क्रेन बंद होते, आणि तो त्याच्यापुढे अर्धा तास रडतो. क्रेन कशी असेल?" मग त्याने सगळ्यांचे मोबाईल एका पिशवीत गोळा करून गेटवर नेऊन ठेवले. त्या दिवशी पण रडला, वर त्या पिशवीत सगळ्यांचे फोन वाजत बसले, आणि गेटवरचा रखवालदार राजीनामा द्यायला आला.

"कॉम्प्युटर बंद करून बघू," मी म्हटलं.

"पेटीचा जीव कॉम्प्युटरच्या वायरीत आहे. तो बंद केला की ही पण बंद. मग रडणार कोण? तू?"

शेवटी आम्ही मेकॅनिकला फोन लावला. साडूने स्पीकर चालू केला आणि त्याला पहिल्यापासून सगळं ऐकवलं. तो बिचारा शांतपणे ऐकत होता. मग म्हणाला, "काका, असं बघा. मी येतो तेव्हा ऊन असतं, आणि ढग असतात तेव्हा मी नसतो. म्हणजे शोधायचं तुम्हालाच आहे. तुमच्यापैकी कोणाकडे जुना रेडिओ आहे का? मीडियम वेव्हचा?"

"रेडिओ? गाणी ऐकायला?"

"नाही हो. या पेटीला जे ऐकू येतं, जवळपास तेच त्या रेडिओला ऐकू येतं. स्टेशन लागू देऊ नका, दोन स्टेशनांच्या मधे काटा ठेवा. नुसता सू सू आवाज येईल. मग तो हातात धरून सगळीकडे फिरा. ढग आले की फिरा. जिथे तो घर्रर्र करेल, तिथे तुमचा चोर."

आता मीडियम वेव्हचा रेडिओ आजकाल कोणाकडे? आमच्या माहितीत एकच. आमच्या दोघांच्या सासूबाईंकडे. साडू म्हणाला, तू माग. मी म्हटलं, तू थोरला जावई, तू माग. शेवटी दोघेही गेलो, दारात चपला काढून, शाळेतल्या पोरांसारखे उभे.

"रेडिओ कशाला पाहिजे?" सासूबाई.

"कॉम्प्युटर आजारी आहे, आई," साडू म्हणाला.

"मग डॉक्टरकडे न्या. माझा रेडिओ का नेता?"

मी सांगितलं, पोरगी वर बसते, विजेची पेटी खोटं बोलते, ते शोधायचंय. सासूबाई उठल्या, फळीवरून रेडिओ काढला, पदराने पुसला आणि माझ्या हातात दिला. साडूच्या नाही, माझ्या. म्हणाल्या, "नातीसाठी देतेय. हा आहे ना तुमचा साडू, त्याला हात लावू देऊ नका. माझी इस्त्री नीट करतो म्हणून नेली होती त्याने." साडू रस्ताभर चार पावलं मागून चालला.

ढग यायला वेळ लागला नाही. सकाळीच आभाळ पांढुरकं झालं होतं, जेवणानंतर पश्चिमेकडून काळं वर यायला लागलं. मी रेडिओ छातीशी धरून निघालो. मागे साडू, हात पाठीमागे बांधून, हात लावायची बंदी ना. वेल्डिंगजवळ रेडिओ तडतडला, वेल्डिंग थांबलं की गप्प. मिक्सरजवळ थोडा कुरकुरला. सेंटरिंगवाल्यांनी मला बघितलं आणि चालू, "काका, गाणं लावा की! काका, बातम्या काय म्हणतात?" क्रेनखाली उभा राहिलो. वरून वॉकीवर आवाज आला, "खालून, काय चाललंय तुमचं?"

"तुझ्या आजीचा रेडिओ फिरवतोय."

 मग, "घरी जाऊन आराम करता का?"

ऑफिसात गेलो. बिलबाई कामात. कॉम्प्युटर चालू, रड्याचा हिरवा दिवा चालू. मी रेडिओ कॉम्प्युटरच्या अंगाला लावला. सू सू. स्क्रीनला लावला. सू सू. टेबलाखाली वाकून वायरींना लावला. नुसता सू सू. रेडिओ वर टेबलावर ठेवून दिला. साडूने खुर्चीत बसकण मारली. "संपलं. हा पण निर्दोष. मग काय ढगच गुन्हेगार?"

आणि बाहेर अंधारून आलं. एकदम. पत्र्याच्या डब्यात काय, एकच खिडकी, ढग सूर्यावर आला की आत संध्याकाळ. मी टेबलाखालीच होतो, गुडघ्यावर. आणि डोक्यावर, टेबलावर ठेवलेला रेडिओ बोंबलला. घर्रर्रर्र! असला की मी दचकून डोकं टेबलाला आपटलं. वर येतो तर रड्याचा दिवा हिरव्याचा पिवळा, पिवळ्याचा लाल, आणि पत्र्यावर भोंगा सुरू.

साडू ओरडला, "कोणी काय केलं? कोणी काय केलं?"

"मी कुठं काय केलं?" बिलबाई घाबरून म्हणाल्या.

"हात कुठे होता तुमचा?"

"स्क्रीनवर."

"काय करत होता?"

"उजेड कमी केला हो. बाहेर अंधारून आलं की हा पांढरा उजेड माझ्या डोळ्यांत सुयांसारखा टोचतो. मग मी ते बटण दाबून कमी करते. नेहमीच करते. त्यात काय?"

मी रेडिओ स्क्रीनजवळ सरकवला.

"ताई," मी हळूच म्हटलं, "वाढवा बघू उजेड."

त्यांनी बटण दाबलं. स्क्रीन लख्ख झाला. रेडिओ सू सू. 

"कमी करा."

घर्रर्रर्र.

"वाढवा."

सू सू.

"अगं बाई!" बिलबाई म्हणाल्या आणि स्वतःच करायला लागल्या. कमी, जास्त, कमी, जास्त. घर्र, सू, घर्र, सू. आम्ही तिघं म्हातारी माणसं त्या पत्र्याच्या डब्यात खुळखुळा सापडलेल्या पोरांसारखी खिदळत होतो, वर भोंगा कोकलतोय, आणि बाहेर सगळी साइट शेडमध्ये बसून आमच्याकडे बघतेय.

मेकॅनिकला फोन केला तर तो पलीकडून ओरडलाच. मग समजावून सांगितलं. म्हणे स्क्रीनचा उजेड पुरता ठेवला की आतला दिवा सरळ जळतो. कमी केला की तो मंद जळत नाही, भराभर पेटतो आणि विझतो, इतका भराभर की डोळ्याला नुसता मंद दिसतो. त्या पेटण्या-विझण्याची खरखर हवेत सुटते. पेटी हातभर अंतरावर. तिला वाटतं वीज आली.

सगळा उलगडा झाला. ऊन असलं की खोलीत उजेड, बाईंचा स्क्रीन लख्ख, पेटी गप्प. मेकॅनिक येणार उन्हात, त्याला सापडणार काय कपाळ? ढग आला की खोलीत अंधार, बाईंचा हात बटणावर, पेटीचं रडगाणं. मग भोंगा म्हणून बाई पण शेडमध्ये. इकडे कॉम्प्युटरला कोणी हात लावत नाही, की स्क्रीन आपोआप झोपतो, आणि पेटी शांत. आम्हाला वाटायचं ढग गेला.

बिलबाईंचं हसू मात्र मावळलं. "म्हणजे माझ्यामुळे ती पोरगी रोज ती शिडी चढ-उतर करत होती?" डोळ्यांत पाणीच आलं त्यांच्या. तेवढ्यात पोरगीच दारात उभी. आमचा गोंधळ बघून उतरली होती, भोंग्यासाठी नाही. तिला सगळं दाखवलं. तिने स्वतः बटण दाबून बघितलं, रेडिओ कानाला लावला. मग बाईंच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाली, "मावशी, डोळे दुखत होते तर एकदा सांगायचं ना. चांगला गॉगल देते माझा."

"आता पटलं?" साडूने तिला विचारलं, छाती फुगवून.

"निम्मं."

"निम्मं कसं?"

"काका, तो खोटं का रडतो ते कळलं. पण खरी वीज आली तर खरं रडतो का, ते कुठे कळलंय? आजपर्यंत तो एकदा तरी खरा रडलाय का?"

साडूने फुगवलेली छाती सोडली. कारण तिचं म्हणणं खरंच होतं.

साहेबांनी हुकूम दिला, स्क्रीनच्या उजेडाला कोणी हात लावायचा नाही. मेकॅनिकने लांब वायर आणून दिली आणि पेटी ऑफिसातून काढून गोदामाच्या पत्र्यावर, खांबाला, स्क्रीनपासून लांब नेऊन बसवली. बिलबाई ढगाळ दिवशी पोरीचा काळा गॉगल चष्म्यावर चढवून बिलं करायला लागल्या. ट्रकवाले आणखीच टरकायला लागले.

आणि ढग येऊ लागले, जाऊ लागले. रड्या गप्प. दिवसच्या दिवस गप्प. साहेब खूश, पेटी कपाटात जायची वाचली. सेंटरिंगवाल्यांना करमेना. सगळे खूश, आणि मी मात्र रात्री कुशीवर कुशी बदलतोय. आधी रडत होता म्हणून ताप, आता गप्प म्हणून ताप. बहिरा तर नाही ना झाला? लांब वायरीने त्याचे कान गेले तर?

"तू दवाखान्यात जा," साडू म्हणायचा. पण जाता येता तो पण गोदामाच्या पत्र्याकडे बघायचा, हे मी बघत होतो.

स्लॅबचा दिवस उजाडला. ऊन असं की डोकं तापावं. काँक्रीटच्या गाड्या रांगेत, वर पन्नासेक माणसं, क्रेनच्या हुकाला काँक्रीटची बादली, एक गेली की दुसरी. मी घसा फाडून वॉकीवर बोलतोय, पोरगी बादली अशी अलगद टेकवतेय, जसं बाळ पाळण्यात ठेवावं. अर्धा स्लॅब झाला. भरलेली बादली वर गेली, मधोमध आली.

आणि भोंगा वाजला.

कडक उन्हात. डोक्यावर निळं आभाळ.

माणसं थांबली, वर बघितलं आणि हसायला लागली. "रड्या आला रे! आता उन्हाला पण घाबरायला लागला!" साहेब कपाळाला हात लावून उभे. मी वर बघितलं. बादली हवेत. क्रेन थांबलेली.

"खालून."

"बोल."

"खरा आहे का?"

तिला मी काय सांगणार होतो? मला काय माहीत? उतर म्हणावं आणि खोटा निघाला तर ती परत कधीच उतरणार नाही. नको म्हणावं तर...  तेवढ्यात ऑफिसच्या दारात बिलबाई, काळा गॉगल कपाळावर, दोन्ही हात वर करून, आणि त्यांच्या त्या बारीक आवाजात जीव तोडून ओरडताहेत.

"स्क्रीन लख्ख आहे! हात नाही लावला मी! लख्ख आहे हो! डोंगरापलीकडे दाखवतंय, इकडे सरकतंय!"

मी वॉकी तोंडाला लावली. "वरून, स्क्रीन लख्ख आहे. खरा आहे. उतर."

बादली अजून तिथेच. मी साहेबांकडे बघितलं. अर्धा स्लॅब ओला, गाड्या रांगेत, सगळं नुकसान त्यांच्या डोक्यावर. त्यांनी एकदा निळ्या आभाळाकडे बघितलं, एकदा ऑफिसकडे. मग माझ्या हातातून वॉकी घेतली.

"पोरी, बादली खाली घे आणि उतर. स्लॅबला नंतर जोड देता येतो."

बादली खाली आली, सावकाश, एक थेंब न सांडता. तिने क्रेनचा फिरायचा ब्रेक मोकळा सोडला, वारा आला तर तिची तीच फिरावी म्हणून. मग शिडीवर तिचे बूट दिसले. मी पायथ्याशी, मान मोडेपर्यंत वर. एक टप्पा. दुसरा. साडू वरच्या माणसांना हाकतोय, "चला! हसत का होईना, पण चला!" ती अर्ध्यावर आली असेल तेव्हा डोंगरामागून काळी कड वर आली. आधी चादरीच्या काठासारखी, मग बघता बघता अख्खी चादर. हसणं बंद झालं. माणसं आता पळत होती. मी मनात म्हणतोय, हळू नको गं, पण घाई पण नको, हात नीट धर, हात नीट धर.

तिचा बूट जमिनीला लागला आणि मी तिचा दंड धरला. "बाबा, दुखतंय," ती म्हणाली. साइटवर पहिल्यांदाच बाबा म्हणाली. मी सोडला नाही, तसाच शेडपर्यंत नेला.

आत येऊन उभे राहतोय तोच उजेड झाला. पांढरा, निळा, शेडच्या फटीफटीतून. आणि पाठोपाठ असा गडगडाट की पत्रे थरथरले.  मग सेंटरिंगवाल्यांपैकी कोणीतरी टाळी वाजवली, आणि मग सगळेच, शेड डोक्यावर घेतली नुसती. खरी वीज! खरी होती रे! साडूने हेल्मेट काढलं आणि त्यात तोंड घालून रडला. त्याला कोणी हसलं नाही.

आता तुम्हाला वाटत असेल, ती वीज क्रेनवर पडली. नाही पडली. इकडे तिकडे पडल्या, एक टाकीपलीकडे, एक कुठे तरी माळावर, पण आमच्या क्रेनला शिवली पण नाही. नाही पडली ते बरंच झालं, आम्हाला कुठे दाखवायचं होतं कोणाला? मला एकच पाहिजे होतं. भोंगा वाजला आणि पोरगी उतरली.

पाऊस पत्र्यावर धोधो. बिलबाईंनी ओल्या फडक्याने पोरीचे हात पुसले, शिडीचा गंज लागला होता. साहेब फोनवर गाड्या परत पाठवत होते, जोड कुठे द्यायचा ते कोणाला तरी समजावत होते, आवाजात राग नव्हता. मी बायकोला फोन लावला.

"ऐकतेस का? इकडे विजा पडताहेत."

"आवाज येतोय मला. पोरगी?"

मी बाजूला बघितलं. पोरगी सिमेंटच्या रिकाम्या पोत्यांवर टेकली होती ती तशीच झोपली होती, बूट पायात, तोंड उघडं, लहानपणी झोपायची तशी. बाहेर ढगांचा नुसता दणदणाट चाललेला आणि ही घोरतेय.

"झोपलीय," मी म्हटलं.

"कुठे?"

"खाली."

 पलीकडून नुसता लांब श्वास ऐकू आला. मग म्हणाली, "झोपू दे. उठवू नका."